शुगर, सिस्टरबाई आणि रिकामी खुर्ची

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात शुगरचं माणूस आहे (म्हणजे जवळजवळ आपल्या सगळ्यांच्याच) त्यांनी जरा निवांत बसून वाचा.

मागच्या महिन्यात शेजारच्या बापूंना घेऊन आपल्या ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो. रांग मोठी होती, पण तक्रार नाही. रक्त तपासलं, डॉक्टरांनी बघितलं, तीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सगळं फुकट. हे मी आधी सांगतो, कारण सरकारी दवाखान्याला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही.

गोळ्या घेऊन बापू खिडकीपाशी घुटमळत उभे राहिले. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या होत्या. एकादशीला उपास धरला तर गोळी घ्यायची का? रात्री पायाला मुंग्या येतात त्या शुगरच्या का? आणि तिसरं त्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं: "मास्तर, मला हल्ली काहीच करावंसं वाटत न्हाई. हे पण शुगरचंच असतंय का?" खिडकीतला मुलगा म्हणाला, "पुढे व्हा बाबा, मागं लाइन आहे." त्याचंही चुकलं नाही, त्याचं काम गोळ्या द्यायचं.

बाजूच्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'समुपदेशक'. आत एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीवर जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सवय अशी की समोर काही दिसलं की हे कुठून आलं ते शोधायचं. ती रिकामी खुर्ची कुठून आली ते शोधत गेलो आणि जे सापडलं ते इथं मांडतोय. त्यात माझ्या आईचीही गोष्ट येईल. ती टाळता येत नाही.

आधी जुनं

मधुमेह हा शब्द आपलाच. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होती. सुश्रुतानं प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: एक जन्मापासूनचा, त्यात माणूस कृश असतो, दुसरा चुकीच्या खाण्यापिण्यानं होणारा, त्यात माणूस बहुधा स्थूल असतो. आज टाइप वन आणि टाइप टू म्हणतात त्याच्या बरंच जवळ जाणारं हे निरीक्षण आहे.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते त्याचं उपचाराचं प्रकरण. सुश्रुत श्रीमंताला एक सांगतो आणि गरिबाला दुसरं. पैसेवाल्यानं श्यामाक, नीवार असली हलकी धान्यं खावीत. ज्याच्याकडे पैसा नाही त्यानं अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षा मागत शंभर योजनं चालावं. नाहीतर विहीर खणावी. आज यातलं अनवाणी चालणं कुणी सांगणार नाही, का ते पुढे येईलच. पण समोरचा माणूस कोण आहे, त्याच्या घरी काय आहे, हे बघून सल्ला द्यायचा ही समज त्यात आहे.

तिकडे लंडनमध्ये सतराव्या शतकात थॉमस विलिस नावाचा डॉक्टर होऊन गेला. लघवी गोड असते हे युरोपात ठळकपणे लिहिणारा तो. त्यानं आणखी एक गोष्ट लिहून ठेवली: दीर्घ दुःखात असलेल्या माणसांना हा आजार जास्त होताना दिसतो. दुःखानंच शुगर होते असं सरळ म्हणता येणार नाही. पण मन आणि साखर यांचं काहीतरी नातं आहे हे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या लक्षात आलं होतं.

इन्सुलिन आलं, आणि सोबत सिस्टर आल्या

१९२१ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी, मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत आणि कॉलिप यांच्या मदतीनं, इन्सुलिन काढलं. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. १९२३ चं नोबेल मिळालं. हा इतिहास पाठ्यपुस्तकात येतो.

पण इंजेक्शन निघालं, आता ते रोज टोचणार कोण? डॉक्टर रोज घरी येणार नाही. काचेची सिरिंज उकळायची, मात्रा मोजायची, जेवणाची वेळ सांभाळायची, साखर एकदम उतरली तर ओळखायचं. हे माणसाला स्वतः शिकावं लागणार. शिकवणार कोण?

बॉस्टनमध्ये इलियट जोसलिन नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या स्वतःच्या आईला मधुमेह होता. १९१८ मध्ये, म्हणजे इन्सुलिन यायच्या आधीच, त्यांनी मधुमेहावर एक छोटं पुस्तक काढलं होतं आणि ते डॉक्टर व रुग्ण दोघांनी मिळून वापरायचं आहे असं शीर्षकातच म्हटलं होतं. त्या काळी रुग्णाच्या हातात असं पुस्तक देणं मोठी गोष्ट होती.

ऑगस्ट १९२२ मध्ये जोसलिन यांनी ज्या पहिल्या रुग्णाला इन्सुलिन दिलं ती एलिझाबेथ मज. ती स्वतः नर्स होती! पुढे जोसलिन यांनी खास शिकवून नर्सेस तयार केल्या आणि त्यांना रुग्णांच्या घरोघर पाठवलं. त्यांना 'फिरत्या नर्सेस' म्हणत. त्या घरात जाऊन स्वयंपाक बघायच्या, सुई टोचायला शिकवायच्या, घरच्यांशी बोलायच्या. आज जगभर 'डायबेटिस एज्युकेटर' म्हणून जो पेशा आहे, त्याची मुळं या बायकांच्या पायपिटीत आहेत.

हे लोण पोर्तुगालला गेलं. एर्नेस्तो रोमा नावाचे डॉक्टर अमेरिकेत हे सगळं बघून परत आले आणि १९२६ मध्ये लिस्बनला त्यांनी संस्था काढली. नावच होतं 'गरीब मधुमेहींचं रक्षण करणारी संस्था'. मोफत इन्सुलिन द्यायचं आणि सोबत शिकवायचं. इंग्लंडमध्ये १९३४ साली डॉ. लॉरेन्स आणि कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी मधुमेहींची संघटना उभी केली. दोघंही स्वतः शुगरचे पेशंट. आजारी माणसांनी एकत्र बसून एकमेकांना सांभाळायचं, ही कल्पना तिथं रुजली.

लेस्टरचं उदाहरण

यात एक अडचण होती. इन्सुलिनवाल्यांकडे लक्ष होतं, कारण ते न मिळालं तर माणूस लगेच जायचा. पण पन्नाशीतला, पोट सुटलेला, लघवीत थोडी साखर सापडलेला माणूस? हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवलं की या दोन जातीच वेगळ्या आहेत. १९५० च्या दशकात टॉल्ब्युटामाइड, मेटफॉर्मिन या गोळ्या आल्या. मग सगळ्यांना वाटलं, झालं! या लोकांना काय, गोळी दिली की घरी पाठवायचं.

तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात डॉ. जोन वॉकर या बाईंनी उलटं केलं. त्यांनी मधुमेहाच्या रुग्णांसाठी वेगळी परिचारिका नेमली, ती रुग्णांच्या घरी जायची. दवाखान्यात "सगळं पथ्य पाळतो" म्हणणारा माणूस घरी काय खातो, एकटा राहतो का, त्याला वजनकाट्यावरचा आकडा तरी दिसतो का, हे घरी गेल्यावरच कळतं. आज ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या खास नर्सेस असतात, त्यांची सुरुवात इथं झाली असं मानतात.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये लिओना मिलर या डॉक्टरबाईंनी सरकारी इस्पितळात गरीब वस्तीतल्या रुग्णांसाठी फोनची सोय केली. गोळी संपली, ताप आला, शंका आली, फोन करा. पलीकडे सल्ला देणारं माणूस. १९७२ मध्ये त्यांनी निकाल छापला: बेशुद्ध होऊन भरती होण्याचं प्रमाण खूप खाली आलं, इस्पितळातले दिवस कमी झाले. खर्चही वाचला.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या बायका, आपले दवाखाने

आपल्याकडे सिस्टर या पेशाचा इतिहास वेगळाच आहे आणि पुण्याशी जोडलेला आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचर्येचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. बऱ्याच विधवा होत्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कुणाच्याही जातीचं बघायचं नाही. समाजानं नाकं मुरडली. तरी त्या उभ्या राहिल्या.

पण संख्या किती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आकडा आहे: तेव्हाच्या हिंदुस्थानात साधारण ४३,००० माणसांमागे एक नर्स. एक! त्या एकीनं जखमा बांधायच्या की शुगरच्या माणसाशी बोलत बसायचं?

मधुमेहाचं काम मात्र सुरू झालं होतं. मद्रासच्या स्टॅन्ले मेडिकल कॉलेजात डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये मधुमेहाचा वेगळा विभाग काढला. मुंबईत १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली, डॉ. आजगावकरांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. पण हे शहरांतलं. गावात तेव्हा शुगर म्हणजे श्रीमंतांचा, शेठसावकाराचा आजार. १९७० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं केलेल्या पाहणीत शहरात २.१ टक्के आणि खेड्यात १.५ टक्के असा आकडा आला होता.

आईची गोष्ट

१९८६ साली माझ्या आईला शुगर निघाली. वय चव्वेचाळीस. आई बारीकच होती, म्हणून कुणाचा विश्वास बसेना. "एवढी वाळकी बाई, हिला कशाची शुगर?" याचं उत्तर पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून मिळालं. दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त, अशी आपली भारतीय शरीराची ठेवण असते. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवरच्या त्यांच्या अभ्यासातही हेच दिसलं. १९८६ मध्ये हे आमच्या गावात कुणाला ठाऊक असणार?

आमच्या गल्लीतून एक सिस्टरबाई रोज संध्याकाळी घरी जायच्या. दवाखान्यातली ड्युटी संपवून. त्यांनी एक दिवस आपणहून आत येऊन बाबांना बेनेडिक्टची चाचणी शिकवली. काचेच्या नळीत पाच मिली निळं द्रावण, आठ थेंब लघवी, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, आणि विटकरी लाल झालं म्हणजे फार. बाबा शाळेच्या जुन्या वहीत रोज रंग लिहायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे.

सिस्टरबाई वही बघायच्या, पण कधी रागावल्या नाहीत. लाल दिसलं की विचारायच्या, "वहिनी, काल कुठं कार्य होतं का?" आई हसायची, सांगून टाकायची. एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, तीही मोजून, हे त्यांनी सांगितलं. बोटांच्या बेचक्या रोज बघायला शिकवलं. आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, आता कळते. त्या आईशी अर्धा तास नुसतं बोलत बसायच्या. माझ्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. आजी म्हणायची, "शुगरचं कुणाला सांगू नका, पोरीचं जमायचं नाही." आईला चोरून गोळी घ्यावी लागायची. ते ती फक्त सिस्टरबाईंना सांगायची.

पाच वर्षं वहीत निळा आणि हिरवाच रंग जास्त आहे. १९९१ ला सिस्टरबाईंची बदली झाली.

१९९४ मध्ये आम्ही आईला जिल्ह्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. साखर वाढलेली. डॉक्टर वर न बघता म्हणाले, "गोड खाणं बंद करता येत नाही का? मरायचंय का? आता इन्सुलिनच." दोन मिनिटांत बाहेर. आई घरी येऊन म्हणाली, "सुई लागली म्हणजे माझं संपलंच." इन्सुलिन घेतलं नाही. त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढली नाही. आम्ही तिलाच बोललो, "तू ऐकत नाहीस." आज ते आठवलं की माझं मलाच वाईट वाटतं.

१९९७ च्या आषाढीला ती वारीला गेली, अनवाणी. पांडुरंगाच्या वाटेवर चप्पल नको म्हणाली. तळव्यात बाभळीचा काटा मोडला, तो तिला तीन दिवस कळला नाही. शुगरनं पायाची संवेदना गेलेली असते, हे आम्हाला सांगणारं तोवर कुणी उरलं नव्हतं. आधी बोट काढलं, मग घोट्यापासून पाय. १९९९ ला ती गेली.

मी कुणा डॉक्टरला दोषी धरत नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे रांगेत साठ-सत्तर माणसं असतील. पण आईच्या दोन मोठ्या चुकांपैकी (सुई नाकारणं आणि अनवाणी चालणं) एकही औषध नसल्यामुळे झाली नाही. तिच्याजवळ बसून बोलणारं कुणी नव्हतं म्हणून झाली.

मग विज्ञानानं काय सांगितलं?

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी, १९९८ मध्ये, इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. यूकेपीडीएस त्याचं नाव. नव्यानं मधुमेह झालेली ५,१०२ माणसं, वीस वर्षांचं काम. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवला तर डोळे, मूत्रपिंड वाचतात हे सिद्ध झालं. पण आणखी एक गोष्ट कळली: टाइप टू मधुमेह वर्षं जातील तसा वाढत जातो, पथ्य पाळणाऱ्याचाही. आधी एक गोळी पुरते, मग दोन लागतात, मग बऱ्याच जणांना इन्सुलिन लागतं. म्हणजे इन्सुलिन ही शिक्षा नाही, तो आजाराचा पुढचा टप्पा आहे. हे एक वाक्य आईला कुणी शांतपणे सांगितलं असतं तर?

मनाच्या बाजूनंही काम झालं. १९९५ मध्ये बॉस्टनच्या जोसलिन यांच्याच संस्थेत वीस प्रश्नांची एक यादी तयार झाली. त्यात साखर किती हे विचारत नाहीत. खाण्यावर सतत लक्ष ठेवून थकलात का? पुढं काय होईल याची भीती वाटते का? एकटं वाटतं का? असलं विचारतात. यातून 'मधुमेहाचा ताण' ही वेगळी गोष्ट म्हणून ओळखली जाऊ लागली. हे वेड नाही, दुबळेपणा नाही. रोज, सुट्टी न घेता, एक आजार सांभाळण्याचा तो शीण आहे. आणि २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं की मधुमेह असलेल्यांत नैराश्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते.

त्याच सुमारास तेरा देशांत, भारतासह, पाच हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी झाली. 'डॉन' असं तिचं नाव. इन्सुलिन बनवणाऱ्या कंपनीच्या पैशानं झाली होती, हे सांगायला हवं. पण त्यातून जे दिसलं ते खोटं नाही: मन खचलेले रुग्ण पुष्कळ, त्यासाठी मदत मिळालेले मोजके.

आणि हे फक्त परदेशातलं म्हणू नका. चेन्नई, बंगळूर, विशाखापट्टणम आणि दिल्ली इथल्या चार दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये 'जामा'त छापून आला. सगळ्यांना मधुमेह आणि सोबत नैराश्य. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांसाठी एक प्रशिक्षित कार्यकर्ता, डॉक्टर नसलेला, जो नियमित बोलायचा, विचारपूस करायचा आणि डॉक्टरांना कळवायचा. दोन वर्षांनी मन आणि शरीर दोन्ही सुधारलेले पहिल्या गटात ५७.४ टक्के, दुसऱ्यात ७१.६ टक्के. आपल्याच देशात, आपल्यासारख्याच माणसांत.

आता आपल्या तालुक्याचा हिशेब

२०२३ मध्ये आलेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. प्रौढांत ११.४ टक्के. शेजारच्या गोव्यात तर २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. खेड्यांची सरासरी ८.९ टक्के.

आपलं पाच हजार वस्तीचं गाव घ्या. प्रौढ साधारण ३,२०० धरले तर २८० च्या आसपास माणसं शुगरची निघतील. एका आरोग्य उपकेंद्राला साधारण तेवढीच वस्ती. तिथं २०१८ पासून समुदाय आरोग्य अधिकारी नेमायला लागले, त्यात नर्सिंग शिकलेल्या मुली पुष्कळ. आशाताई तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म भरतात, रक्तदाब-शुगरची तपासणी होते. हे सगळं चांगलंच आहे.

पण त्या मुलीनं २८० जणांना महिन्याला प्रत्येकी वीस मिनिटं दिली तर ९३ तास होतात. महिन्यात तिला कामाचे दीडशे तास मिळाले तर त्यातले साठ टक्क्यांहून जास्त इथंच गेले. लसीकरण, बाळंतिणी, ताप, ऑनलाइन नोंदी कधी करायच्या? म्हणजे तिच्या एकटीच्या गळ्यात हे घालून चालणार नाही.

आता गंमत बघा. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या दवाखान्यातल्या क्लिनिकसाठी कोण हवं ते लिहिलंय: डॉक्टर, स्टाफ नर्स, लॅब टेक्निशियन, नोंदी करणारा माणूस आणि समुपदेशक. म्हणजे आपण काही नवीन मागत नाही. ती खुर्ची कागदावर आहे. फक्त तिच्यावर रजिस्टरं बसलीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे:

१. ग्रामीण रुग्णालयात समुपदेशकाचं पद भरलेलं आहे का, नसेल तर कधीपासून रिकामं आहे, हे रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी विचारायचं. मी अर्ज लिहून ठेवलाय. सह्या हव्यात.

२. माणूस मिळेपर्यंत आठवड्यातून दोन दुपारी एका स्टाफ नर्सला फक्त शुगरच्या लोकांसाठी मोकळं ठेवावं. पाय बघायचे, शंका ऐकायच्या. बाकी काही नाही.

३. गावात गट करायचे. २८० माणसांचे चौदा-चौदाचे वीस गट, महिन्याला एक तास प्रत्येकी, म्हणजे वीस तास. ९३ वरून वीसवर आलो. मंदिरात, समाजमंदिरात, मशिदीच्या ओट्यावर, कुठंही बसा. रमजानच्या आधी रोज्यात गोळीची वेळ कशी बदलायची हे दवाखान्यात विचारून घ्यायचं, आषाढीच्या आधी पायाचं बोलायचं. लिस्बनच्या गरिबांना १९२६ मध्ये जमलं, आपल्याला न जमायला काय झालं?

४. आणि घरातलं. शुगरच्या माणसाला "तू ऐकत नाहीस" म्हणणं बंद करा. त्याऐवजी विचारा, "आज कसं वाटतंय?" मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेलिमानस नंबरवर फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

काही जण म्हणतील, मास्तर, आधी डॉक्टर पूर्ण मिळत नाहीत, तुम्ही बोलणाऱ्या माणसाचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे, डॉक्टरही हवेतच. पण इतिहास बघितला तर जिथं जिथं हे बोलणारं माणूस नेमलं, तिथं आजार आटोक्यात यायला मदत झाली. लॉस एंजेलिसमध्ये खर्चही घटला. आणि आपल्याकडे पैसे नाहीत म्हटलं की पहिली रिकामी राहते ती हीच खुर्ची, कारण ती रिकामी असल्यानं त्या दिवशी कुणी मरत नाही. पाय दहा वर्षांनी कापावा लागतो, तेव्हा कुणी या खुर्चीकडे बोट दाखवत नाही.

बापूंना मी काय सांगितलं? उपासाचं आणि मुंग्यांचं मी बोलणार नाही, मी डॉक्टर नाही. गेल्या मंगळवारी त्यांना पुन्हा घेऊन गेलो. एका सिस्टरनी ड्युटी संपल्यावर दहा मिनिटं काढली, खुर्चीवरची रजिस्टरं उचलून खाली ठेवली आणि बापूंना बसवलं. पाय बघितले. चप्पल बदलायला सांगितली, उपासाचं समजावलं, पुढच्या वेळी डॉक्टरांशी मनाबद्दलही बोलू म्हणाल्या. परत येताना बापू गाडीवर मागं बसून बरंच बोलत होते. किती दिवसांनी.

पण ती दहा मिनिटं त्या सिस्टरनी स्वतःच्या वेळातून दिली, आमच्या सिस्टरबाईंसारखी. त्यांचीही उद्या बदली होईल. मग?

अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. शनिवारी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते एक मी ग्रंथालयात बसतोय. सहीला या, आणि येताना घरातल्या शुगरच्या माणसालाही घेऊन या.